जगाची वाढती लोकसंख्या: फायदे, तोटे आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसंख्येचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक जुनं, 'माणसं फार झाली'. दुसरं अलीकडचं, 'आता कुणाला मुलंच नकोत'. दोन्ही खरी आहेत, फक्त वेगवेगळ्या जागी. इथे ते नीट सुटं करून सांगायचा प्रयत्न केला आहे. उदाहरणं बरीचशी आपल्या मुलखातली आहेत, कारण जगात जे घडतंय त्यातलं जवळपास सगळं एकट्या महाराष्ट्रातही दिसतं.

आज जगात माणसं किती आहेत? वाढ किती वेगाने होते आहे?

सुमारे ८२० कोटी. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी आपण ८०० कोटी झालो. पहिले १०० कोटी भरले ते १८०४ च्या सुमारास. त्याचे २०० कोटी व्हायला १९२७ उजाडलं. ७०० चे ८०० मात्र ११ वर्षांत झाले.

हे वाचून वाढ अजून सुसाट चालली आहे असं वाटतं. तसं नाही. वाढीचा वेग १९६० च्या दशकातच शिगेला पोचला होता, तेव्हा तो वर्षाला २ टक्क्यांच्या वर होता. आता १ टक्क्याच्याही खाली आला आहे. तरी दरवर्षी सुमारे ७ कोटींची भर पडते, कारण मुळातला आकडाच मोठा आहे.

लोकांना पूर्वीपेक्षा जास्त मुलं व्हायला लागली म्हणून ही वाढ झाली का?

नाही. मुलं पूर्वीही भरपूर व्हायची, पण जगायची थोडी. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या घरात विचारा: पणजीला आठ-दहा बाळंतपणं, त्यातली हाताशी लागली चार-पाच. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली होती, इतकी माणसं १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ७० च्या आसपास आहे. लसी आल्या, पिण्याचं पाणी सुधारलं, हगवणीवर साखर-मिठाचं पाणी देणं घरोघरी पोचलं, १९८० साली देवी रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. मृत्यू आधी कमी झाले, जन्म बऱ्याच उशिराने कमी झाले. मधल्या काळात जी माणसं वाढली ती म्हणजे ही लोकसंख्यावाढ. तिच्याकडे संकट म्हणून बघताना एवढं विसरू नये की ती मुळात वाचलेल्या जिवांची बेरीज आहे.

गडचिरोलीचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाला घरी हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, एका मिनिटात श्वास किती होतात ते मोजायचं, बाळाला उबेत ठेवायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांत हे झालं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आज 'आशा' ताई नव्या बाळाला बघायला घरी येतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

मुलं वाचवली तर लोकसंख्या आणखी वाढणार नाही का?

पहिली काही वर्षं वाढते, नंतर उलट होतं. पदरी आहेत ती मुलं जगणार याची खात्री पटल्यावर आईबाप जास्त मुलांचा आग्रह सोडतात. बांगलादेशात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका बाईला सरासरी साडेसहा-सात मुलं होत, आता दोनच्या आसपास. इराणमध्येही १९८० च्या दशकात सहाच्या वर असलेला आकडा वीसेक वर्षांत दोनवर आला. केरळ तर आपल्याच देशात आहे, तिथेही हेच झालं. बालमृत्यू आधी घटले आणि जननदर (एका बाईला सरासरी होणारी मुलं) नंतर खाली आला, असाच क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो.

लोकसंख्या वाढण्याचे फायदे खरंच असतात?

असतात, आणि मोठे असतात. दाट वस्तीमुळे कित्येक सोयी परवडतात. मुंबईची लोकल गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांनी सुटते आणि तरी तिकीट स्वस्त राहतं, ते रोज लाखो माणसं तिने जातात म्हणूनच. विरळ वस्तीच्या तालुक्यात दिवसातून दोनदा येणारी एसटीसुद्धा महामंडळाला तोट्यात पडते. मोठं रुग्णालय, वाचनालय, नाट्यगृह, दुर्मिळ आजारावरचा डॉक्टर, यातलं काहीच थोड्या लोकांच्या जिवावर उभं राहत नाही.

दुसरा फायदा हातांचा. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली. पुढची शंभर वर्षं ही गिरणगावं चालवली ती कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी, आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर मागे गावं चालली.

तिसरा फायदा आकड्यात धरता येत नाही. जितकी शिकलेली डोकी जास्त, तितके शोध जास्त. मात्र यातला 'शिकलेली' हा शब्द गाळला तर वाक्य खोटं ठरतं.

'लोकसंख्येचा लाभांश' म्हणजे काय?

जननदर घसरला की काही दशकं अशी येतात की घरात लहान मुलं कमी, म्हातारी माणसं अजून थोडी आणि कमावती माणसं सगळ्यात जास्त. हाती शिल्लक राहते ती शाळा, कारखाने, रस्ते यांत घालता येते. दक्षिण कोरिया आणि तैवान यांनी ही संधी साधली. त्याआधी त्यांनी मुलामुलींना शाळेत घातलं होतं आणि पुढे त्या मुलींना कामावरही घेतलं, हे लक्षात ठेवायला हवं.

भारताच्या वाट्याला हा काळ साधारण २००५ पासून २०५५ पर्यंत आला आहे, असं मानलं जातं. म्हणजे जवळजवळ अर्धा संपत आला. आपण तो कसा घालवतोय? २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी १० लाखांहून जास्त अर्ज आले. पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघा. बीड, नांदेड, जालन्याहून आलेली पंचविशी-तिशीची मुलं महिन्याचं भाडं भरून एक खुर्ची धरतात. सकाळी डबा, रात्री डबा, मधे चालू घडामोडींची वही. घरून पैसे येतात ते बहुतेक वेळा सोयाबीन विकून. या मुलांची चूक नाही, ती कष्टाळू आहेत. पण कमावतं वय परीक्षेची वाट बघण्यात गेलं तर लाभांश कागदावरच राहतो. भारतापुरतं मला सगळ्यात तातडीचं हेच वाटतं: किती माणसं आहेत यापेक्षा जन्माला आलेल्यांच्या हाताला काम आहे का.

मग तोटे कोणते?

सगळ्यात आधी जमीन आणि पाणी, कारण ती वाढत नाहीत.

महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास उरली. याचा अर्थ कळण्यासाठी एखादा सातबारा उघडून बघावा. आजोबांच्या वेळी भोगवटादाराच्या रकान्यात एक नाव होतं. वारसनोंदी होत होत तिथे चार भाऊ, दोन बहिणी, एका मयत भावाची बायको आणि तिची अज्ञान मुलं येतात. गुंठ्यांत वाटणी होते. विहीर सामाईक, मोटार कुणी चालवायची यावरून वाद. बांध कोरल्यावरून भाऊबंदकी कोर्टापर्यंत जाते. एवढ्याशा तुकड्यावर ट्रॅक्टर परवडत नाही आणि कर्जाला तारणही पुरेसं होत नाही. शेतीबाहेर पुरेसे रोजगार निघाले असते तर हीच वाढ इतकी जाचली नसती.

पाण्याचं असं की जगातली सुमारे १८ टक्के माणसं भारतात आणि गोडं पाणी ४ टक्के. १९५१ मध्ये माणशी वर्षाला ५,१७७ घनमीटर पाणी वाट्याला येत होतं, २०११ मध्ये १,५४५. पाऊस तेवढाच पडतो, वाटेकरी वाढले. बोअरची खोली का वाढत गेली, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण आपण कोणती पिकं घेतो हे आहे, आणि उसाचं नाव न घेता ते सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

शहरांचा तोटा वेगळा. माणसं येण्याचा वेग आणि घरं, नाले, शाळा बांधण्याचा वेग यांचा मेळ बसत नाही. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत एक तृतीयांशाहून जास्त वाढली. पाण्याच्या टाक्या आणि पूल त्या गतीने उभे राहिले नाहीत, हे तिथे राहणाऱ्याला सांगायची गरज नाही.

माणसं जास्त झाली तर अन्न पुरणार नाही, हे माल्थसने सांगितलं होतं ना?

हो, १७९८ मध्ये. त्याच्या काळापर्यंतचा इतिहास पाहिला तर त्याचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याची रीत निघाली. आज जगातली जवळजवळ निम्मी माणसं त्या खतावर पिकलेलं अन्न खातात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. भारतात १९६५ मध्ये गव्हाचं पीक १.२ कोटी टनांच्या आसपास होतं, पाच वर्षांत ते २ कोटी टनांवर गेलं.

भूक पिकावर जितकी अवलंबून, तितकीच हातातल्या पैशावर. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात पिकं करपून गेली, पण जुन्या दुष्काळांसारखा माणसांचा संहार झाला नाही. लाखो लोक दुष्काळी कामांवर गेले, खडी फोडली, पाझर तलाव खोदले, मिळालेल्या मजुरीत मिलो (आयात केलेली लाल ज्वारी) आणि सुकडीवर (वाटलेलं कोरडं पौष्टिक खाणं) दिवस काढले. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला.

तरी माल्थसला कायमचं खोटं ठरवून मोकळं होऊ नये. ते खत बनवायला नैसर्गिक वायू लागतो, आणि पंजाबातलं भूजल किती खाली गेलंय ते सगळ्यांना माहीत आहे.

हवामान बदलाला वाढती लोकसंख्याच जबाबदार आहे का?

काही अंशी. पण एक अमेरिकी माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतीय माणूस २ टनांच्या आसपास, आणि नायजरमधला तर त्याचा छोटासा अंश. लोकसंख्या सगळ्यात वेगाने वाढतेय ती नायजरसारख्या देशांत. तिथल्या आईकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही.

सक्तीने नियंत्रण का करू नये?

करून झालं आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूरही केलं होतं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. या सगळ्याची किंमत पुढे बायकांनी मोजली. पुरुष नसबंदीचं नाव काढलं की लोक पळू लागले आणि सगळा भार स्त्रीवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५) ३८ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांचं प्रमाण ०.३ टक्के. पुरुषांचं ऑपरेशन सोपं, कमी जोखमीचं आणि टाक्याविना होणारं असूनही ही स्थिती आहे, आणि मला ती लाजिरवाणी वाटते.

चीनच्या 'एक मूल' धोरणाचे गोडवे अजून गायले जातात. तिथला जननदर मात्र ते धोरण येण्याआधीच, १९७० च्या दशकात, सहाच्या जवळून तीनच्या खाली आला होता. धोरण २०१५ पर्यंत चाललं. २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटते आहे आणि सरकार तीन मुलांना परवानगी देऊनही ती होत नाहीत.

आपल्याकडे दुसरी, चांगली परंपरा होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांची नोकरी गेली, खटले झाले. एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांचा भर बाईच्या इच्छेवर आणि माहितीवर होता, देशाच्या आकड्यावर नव्हता. शंभर वर्षांनी बघितलं तर पुराव्यांनी त्यांचीच बाजू खरी ठरवली आहे.

मग जननदर कमी होतो तो नेमका कशाने?

मुलींच्या शाळेने. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतात शाळेत न गेलेल्या स्त्रियांना सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांना १.८.

लग्नाच्या वयाचा परिणाम वेगळा धरावा लागतो. एकोणिसाव्या वर्षी आई होणाऱ्या घरात ७५ वर्षांत जवळपास चार पिढ्या होतात, पंचविसाव्या वर्षी होणाऱ्या घरात तीन. मुलं प्रत्येकी दोनच असली तरी एका वेळी जिवंत असणारी माणसं वाढतात. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर पाच स्त्रियांमधल्या एकीपेक्षा जास्तींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात याचं कारण उघड आहे. मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आईबाप सहा महिने फडावर, वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची ही भीती, आणि लग्न लावलं की एक नवा कोयता तयार. हंगामी वसतिगृहं नीट चालली तर त्या मुली शाळेत टिकतात. लोकसंख्येवर खर्च करायचा तर तो इथे करावा.

कुटुंब लहान ठेवण्याचा काही वाईट परिणाम झाला का?

झाला. दोनच मुलं हवीत, पण त्यात मुलगा हवाच, या हट्टाने मुली गर्भातच मारल्या गेल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, तरी ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीडमध्ये तर हा आकडा ८०० च्या थोडाच वर होता. साताऱ्यात तिसऱ्या-चौथ्या मुलीचं नाव 'नकुशा' ठेवायची रीत होती. २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने समारंभ करून अडीचशेहून जास्त नकुशांना नवी नावं दिली. शाळेच्या पटावर रोज हजेरीला ते नाव ऐकत त्या मोठ्या झाल्या होत्या.

विशिष्ट धर्माची लोकसंख्या बाकीच्यांना मागे टाकेल, असं व्हॉट्सॲपवर येतं. खरं आहे का?

नाही. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.४ झाला. हिंदू स्त्रियांचा ३.३ वरून १.९. घसरण दोन्हीकडे आहे, आणि मुस्लिमांमध्ये जास्त वेगाने. बिहारमधल्या हिंदू स्त्रीला सरासरी जितकी मुलं होतात, त्यापेक्षा केरळातल्या मुस्लिम स्त्रीला कमी होतात. फरक पडतो तो शाळेने आणि दवाखान्याने.

महाराष्ट्र आणि गोव्यात लोकसंख्या अजून वाढतेय?

वाढतेय, पण जन्मांच्या जोरावर फार दिवस वाढणार नाही. संख्या स्थिर राहायला जननदर २.१ लागतो. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्राचा १.७ होता, गोव्याचा १.३. तरीही वाढ दिसते, कारण आधीच्या मोठ्या पिढ्या आत्ता आईबाप होण्याच्या वयात आहेत, आणि बाहेरून माणसं येतात.

कोकणात तर घट सुरू होऊन बराच काळ झाला. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली. तिथे जननदराइतकंच स्थलांतर कारणीभूत आहे. गणपती आणि शिमग्याला उघडणारी, एरवी कुलूपबंद घरं, भात लावायला माणूस मिळेना म्हणून पडीक राहिलेले कुणगे, पहिली ते चौथी मिळून पाच-सहा मुलांची शाळा. माणसं कमी झाल्याने गावावर काय वेळ येते, ते बघायला जपानला जायला नको.

लोकसंख्या घटली तर चांगलंच की! जपान-कोरिया एवढे घाबरलेत कशाला?

घट हळू झाली तर निभावते. कोरियात २०२३ मध्ये जननदर ०.७२ वर गेला. याचा अर्थ आजच्या शंभर तरुण माणसांमागे पुढच्या पिढीत छत्तीसच्या आसपास मुलं. जपानमध्ये दर दहांतली जवळपास तीन माणसं पासष्टीच्या पुढची आहेत आणि सुमारे ९० लाख घरं रिकामी आहेत. पेन्शन कोण भरणार, म्हाताऱ्यांची सेवा कोण करणार, हे तिथले रोजचे प्रश्न आहेत. जपानने श्रीमंत झाल्यावर म्हातारपण पाहिलं. आपण श्रीमंत होण्याआधीच म्हातारे होऊ, ही भीती मला खरी वाटते. असंघटित क्षेत्रात राबणाऱ्या कोट्यवधी माणसांना पेन्शन नाही, त्यांची पेन्शन म्हणजे मुलं. ती आता एक किंवा दोन, आणि तीही बहुधा दुसऱ्या शहरात.

यापुढची वाढ कुठे होणार आणि कधी थांबणार?

बरीचशी आफ्रिकेत: नायजेरिया, काँगो, इथिओपिया, टांझानिया. शिवाय पाकिस्तान आणि, मोठ्या तरुण पिढीमुळे, आपण. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्याला सुमारे १,०३० कोटींवर जाऊन मग उतरू लागेल. काही अभ्यासकांच्या मते हे त्याहून बरंच आधी घडेल.

ज्या राज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांच्या लोकसभेच्या जागा कमी होतील का?

हा वाद खरा आहे. राज्यांना लोकसभेच्या जागा आजही १९७१ च्या जनगणनेवरून मिळालेल्या आहेत. फेरवाटप निव्वळ आकड्यांवर झालं तर केरळ, तामिळनाडूंचं वजन घटेल आणि उत्तर प्रदेश, बिहारचं वाढेल. मुलींना शिकवून जननदर खाली आणला त्याची शिक्षा मिळावी, हे मला न्यायाचं वाटत नाही. पण बिहारमधल्या मतदाराच्या मताचं मोल कमी ठेवणंही न्यायाचं नाही. आंध्र प्रदेशने नोव्हेंबर २०२४ मध्ये दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांवरची स्थानिक निवडणुकांची बंदी उठवली, त्यामागे ही चिंताही होती. महाराष्ट्राने आपल्याकडच्या अशाच नियमाचा फेरविचार करावा, कारण १.७ जननदराच्या राज्यात त्याचं प्रयोजन उरलेलं नाही.

नव्या जनगणनेत काय बघायचं?

२०२१ ची जनगणना लांबली. आताच्या मोजणीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. आकडे आल्यावर बातम्यांत एकूण संख्येचाच गाजावाजा होईल. तुम्ही आपल्या जिल्ह्याचे तीन आकडे शोधा: ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली किती, साठीच्या पुढची माणसं किती टक्के, आणि काम करणाऱ्या स्त्रिया किती. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या बाईचं काम 'काही नाही' असं सांगू नका. ती शेतात खुरपते, म्हशीची धार काढते, शिलाई करते, ते सगळं नोंदवायला सांगा.